मामाच्या ताटातलं कोनफळ

ब्रिस्बेन, ३ सप्टेंबर २०१८

ती. तोआकासे आत्यास,

सा. न. वि. वि. पत्र आखडतं आहे, नमस्कार पुरा आहे.

मी बरी आहे. प्रयोगशाळेतलं काम तेच, पिठात पिष्ट किती आहे ते दिवसभर मोजायचं. लग्नाबद्दल तुम्ही मागच्या पत्रात दोनदा विचारलंत. दोन्ही ठिकाणी उत्तर ‘नाही’ असं भरून घ्यावं.

पत्राचं कारण बाबा. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आहे, हे तुम्हाला कोणी सांगितलं नसणार, कारण बहिणीला भावाच्या शरीराबद्दल सांगायचं कोणी, हा प्रश्न आपल्याकडे अजून सुटलेला नाही. म्हणून मीच लिहिते. परदेशी डॉक्टरांचं पथक मार्चमध्ये आपल्या बेटावर, वावाऊला, येतं आहे. वर्षातून एकदाच येतं. बाबांचं नाव यादीत आहे, पण अट आहे. पथक येण्याआधी सलग चार आठवडे सकाळची उपाशीपोटीची साखर दहाच्या खाली हवी; तिकडच्या मापात निरोगी माणसाची पाच-साडेपाच असते. दवाखान्यातल्या सिस्टर फिफिताने गेल्या आठवड्यात तपासली ती १४.२ होती. गोळ्या ते नियमाने घेतात. अळकुड्या, साबुकंद आणि कोनफळंही तितक्याच नियमाने घेतात.

आईचं ते ऐकत नाहीत. माझं ऐकतात आणि फोन ठेवला की विसरतात. तुम्ही थोरली बहीण आहात, तुमचा शब्द त्यांना मोडता येत नाही. गावात असा अधिकार दुसऱ्या कोणालाही नाही.

फोन मुद्दाम केला नाही. तुम्ही दुकानाच्या ओट्यावरून बोलता तेव्हा चार घरं पलीकडे बाबांना ऐकू जातं.

सोबत तक्ता जोडला आहे. शंभर ग्रॅममागे किती पिष्ट आणि साखर, ते पदार्थाच्या नावापुढे लिहिलं आहे. आकडे महत्त्वाचे आहेत.

लोभ आहेच. तो असाच राहावा.

तुमची भाची,
लेसिएली

---

वावाऊ, २५ सप्टेंबर २०१८

चि. लेसिएलीस,

अ. उ. आ. आशीर्वाद वजन न करता पाठवले आहेत, तू तिकडे करून घे.

तुझं पत्र मिळालं. बाई गं, भाचीचं पत्र आहे की दवाखान्याची चिठ्ठी? प्रेमाच्या माणसाला लिहायला बसलीस तरी वर तारीख आणि खाली बेरीज घालशील. म्हणून तर अजून ‘नाही’ भरावं लागतं.

असो. कामाचं सांगते. भावासमोर बसून त्याच्या पोटाबद्दल बोलायला मी काय वेडी आहे? मी बारा वर्षांची झाले तेव्हापासून आम्ही दोघं एका खोलीत बसलेलो नाही. म्हणून मी युक्ती केली. तुझा तक्ता प्रार्थनेच्या दालनातल्या फळ्यावर खडूने उतरवून काढला. तो तिथे रोज जातो, वाचेल आणि मनात समजेल, असा हिशेब. वर ‘सामिउची साखर’ असं लिहिणं बरं दिसलं नसतं, म्हणून वर काहीच लिहिलं नाही. पदार्थांची नावं बारीक काढली आणि आकडे ठळक, कारण आकडे महत्त्वाचे असं तूच बजावलं होतंस.

त्या संध्याकाळी गायकमंडळीची तालीम होती. आता तुझा बाप मंडळीचा मुख्य, आणि आपली गाणी एका सुराला एक आकडा, अशी तिनापासून नवापर्यंतच्या आकड्यांतच लिहिलेली असतात. त्याला वाटलं, पाद्रीबाबांनी नवी चाल पाठवली आहे. अळकुडी पस्तीस, साबुकंद अडतीस, अशी त्याने ती चाल चाळीस माणसांना शिकवली! साबुकंदाला बायकांचे आवाज चिरकले. मासळीपुढचं शून्य आलं तेव्हा म्हणाला, इथे सगळ्यांनी श्वास धरा. एक आणि दोन हे आकडे आपल्या गाण्यांत येत नाहीत, तर म्हणाला, चाल परदेशातून आलेली दिसते, तिकडच्या छापखान्यात चुका फार. मंडळीतल्या निम्म्या लोकांना बारीक अक्षरांतलं ‘नीरफणस’ स्पष्ट दिसत होतं, पण मुख्याला चूक दाखवायची कोणी? रविवारी उपासनेत गायले. पलीकडच्या बेटावरून आलेले पाहुणे पाद्री डोळे पुसत होते.

मी मागच्या बाकावर रुमाल तोंडात कोंबून बसले होते. घरी आल्यावर मात्र हसू गेलं. तालमीला तो फळ्यापासून वीतभर अंतरावर उभा होता, लेसिएली. वीतभर. आणि तेवढ्या अंतरावरूनही त्याला नावं दिसली नाहीत.

दुसरं काहीतरी करू. तू कळव.

प्रकृतीला जप, आणि लोभ वाढला तर पथ्य मोडलं असं समजू नकोस.

तुझी आत्या,
तोआकासे

---

ब्रिस्बेन, ८ ऑक्टोबर २०१८

ती. आत्यास,

सा. न. वि. वि. तक्त्याचा असा उपयोग होईल हे मी गृहीत धरलं नव्हतं. चूक माझी आहे. यापुढे आकडे अक्षरांत लिहीन.

इथे लोक भाताऐवजी फुलकोबी किसून खातात. तिकडे फुलकोबी जहाजातून येते आणि येईपर्यंत पिवळी पडते, तेव्हा तो विचार सोडावा. त्याऐवजी कच्ची पपई. किसून, पाणी पिळून, नारळाच्या दुधात वाफवावी. अळूची पानं हवी तेवढी चालतील, कंद मात्र खाली जमिनीतच राहू द्यावा. पानांत मासळी आणि नारळाचं दूध बांधून उमूत, जमिनीतल्या भट्टीत, भाजलेलं लू तुम्ही करता तसंच करावं, त्यात बदल नको. कंद द्यायचाच असेल तर एकच तुकडा, ऐंशी ग्रॅमचा. वजनासाठी चुलतभावाबरोबर काटा पाठवते आहे. तो पाच किलोपर्यंत बरोबर दाखवतो. मी तपासला आहे.

एक गोष्ट मला कळवावी. बाबा जेवतात तेव्हा त्यांच्या शेजारी कोण बसतं? अंदाज नको, नाव हवं.

लोभात घट नसावी.

लेसिएली

---

वावाऊ, ३० ऑक्टोबर २०१८

चि. लेसिएलीस अ. उ. आ.

काटा पोचला. उत्तम आहे. शेजारच्या घरी बाळ झालं, ते तीन किलो चारशे भरलं. तुझ्या हिशेबात लिहून ठेव.

पपईचं सांगते. मी किसली, पिळली, नारळाच्या दुधात वाफवली आणि मोठं पातेलं भरून सामिउकडे पाठवलं. थोरल्या बहिणीकडून आलेलं, नाकारणार कसं? त्याने सगळं संपवलं, पातेलं बोटाने पुसलं. आणि मग जेवायला बसला! बहिणीने पाठवलेला तो मान झाला, ते काही जेवण नव्हे, असं म्हणाला म्हणे. म्हणजे आधी पपई आणि वर रोजचे साबुकंद. चार दिवस असं चाललं. मग अनासेइनीने, म्हणजे तुझ्या आईने, कोणाकरवी कळवलं की वन्संचा मान थोडा लहान पातेल्यातून आला तर त्यांना झोपताना बरं पडेल.

तेव्हा मला तुझा प्रश्न आठवला, शेजारी कोण बसतं. कोणी बसत नाही. त्याच्या स्वतःच्या मुलांना बापाच्या ताटाला हात लावायची सोय नाही. पण माझा मुलगा आहे की! भाच्याने मामाच्या ताटातलं उचललं तर मामाने काय करायचं? हसायचं. दुसरं काही करायची परवानगीच नाही.

केलेपीला मी सगळं समजावलं. चौतीस वर्षांचा घोडा, धक्क्यावर मालाच्या नोंदी करतो, पण लगेच तयार झाला. हल्ली घरी त्याला त्याच्या मनासारखं जेवायला मिळत नाही, त्याचाही परिणाम असेल. गेला आठवडाभर तो दोन्ही वेळा मामाकडे जातो, शेजारी मांडी घालतो आणि ताटातलं कोनफळ, अळकुडी, साबुकंद, जे काही कंद म्हणून असेल ते हक्काने उचलून खातो. मामा हसतो. ताटात उरतात मासळी आणि पानं. कशी आहे युक्ती? तुमच्या प्रयोगशाळेत असं यंत्र आहे का?

आता आकडा उतरलाच म्हणून समज.

तुझ्या आत्याचा लोभ कच्च्या पपईसारखा आहे, कितीही पिळला तरी उरतो.

तोआकासे

---

ब्रिस्बेन, १९ नोव्हेंबर २०१८

ती. आत्यास,

सा. न. वि. वि.

सिस्टर फिफिताचा निरोप आला. बाबांचा आकडा पंधरा पूर्णांक एक. उतरलेला नाही, चढला आहे.

मला कारण कळेना, म्हणून आईला सहज विचारल्यासारखं विचारलं की हल्ली जेवायला किती वाढतेस. तिने अभिमानाने लिहिलं. पूर्वी ती बाबांना कंदाचे चार तुकडे वाढायची. आता नणंदेचा मुलगा रोज घरी जेवतो आणि ताट रिकामं करतो, त्याला कमी पडलं तर घराचं नाव जाईल, म्हणून अकरा वाढते. केलेपी त्यातले पाच उचलतो. पोट भरलं की उठतो. उरतात सहा. ते बाबा खातात.

चारऐवजी सहा. तुमच्या यंत्रातून पिष्ट नाहीसं होत नाही आत्या, ते वाढून दोन माणसांत विभागलं जातं.

माझ्या तक्त्यात आई धरलेली नव्हती. ही दुसरी चूक, तीही माझी.

तीन महिने राहिले. त्यातले शेवटचे चार आठवडे आकडा दहाच्या खाली लागतो, म्हणजे हातात दोन महिने. पथकाला मी लिहून विचारलं होतं की अट थोडी सैल होईल का. त्यांनी सभ्यपणे नाही म्हटलं. साखर इतकी असताना डोळा कापला तर जखम चिघळू शकते आणि आहे तेवढंही जातं. त्यांचं बरोबर आहे. मी त्यांच्या जागी असते तर हेच लिहिलं असतं.

आईला कमी वाढायला तुम्हीच सांगू शकता. कृपया सांगावं.

लोभ राहावा.

लेसिएली

---

वावाऊ, ३ डिसेंबर २०१८

चि. लेसिएलीस अ. उ. आ.

तुझा हिशेब मी तीनदा वाचला. तीनदा सहाच उरले.

पण तू बारा वर्षं बाहेर राहिलीस, पोरी. अनासेइनीला मी कसं सांगू की कमी वाढ? उद्या गावभर होईल की तोआकासे भावाच्या घरचे तुकडे मोजते. ती बिचारी रडेल आणि परवापासून पंधरा वाढेल. मी आडून सुचवून पाहिलं. म्हटलं, केलेपीला हल्ली भूक कमी असते. तिने त्याच्यासाठी वेगळं डुक्कर भाजलं, भूक यावी म्हणून.

आणि केलेपीचं तर बघवत नाही. धक्क्यावरचा गणवेश आता त्याला मागून बंद होत नाही, तो वर सुतकात गुंडाळतात तसा चटईचा पट्टा गुंडाळून जातो. साहेबांना वाटतं, घरात कोणी वारलं आहे. परवा तीनदा विचारपूस झाली. बसला की उठताना दाराची चौकट धरतो. मला भीती वाटली म्हणून मी त्याला फिफिताकडे पाठवलं. पूर्वी त्याचा आकडा पाच पूर्णांक चार होता म्हणे. आता नऊ पूर्णांक तीन. मी त्याला म्हटलं, पुरे झालं. तर म्हणतो, मामाचे डोळे होईपर्यंत मी उठणार नाही. असा शहाणा माझ्याच पोटी यायचा होता.

सामिउला यातलं काहीच माहीत नाही. त्याला वाटतं, भाच्याला नुसती हाव सुटली आहे. अनासेइनी सांगत होती, तो कौतुकाने म्हणतो की आपल्या बहिणीचा मुलगा चार माणसांचं खातो, घराण्याचं भाग्य.

जानेवारीचा पहिला आठवडा प्रार्थनेचा, विसरली नसशील. सात दिवस, दिवसाला दोन मेजवान्या, लांबच लांब मेजं आणि त्यांवर कंदांचे डोंगर. काय करू सांग. या वेळी खरंच सांग, मी थट्टा करणार नाही.

आत्या

---

ब्रिस्बेन, १४ डिसेंबर २०१८

ती. आत्यास,

सा. न. वि. वि. हे पत्र विमानाने येणाऱ्या माणसाच्या हाती देते आहे, म्हणजे नाताळाआधी पोचेल.

केलेपीला लगेच थांबवा. उद्यापासून नाही, पत्र वाचून झालं की.

मी बाबांच्या डोळ्यांसाठी एक आकडा खाली आणायला निघाले आणि दुसऱ्याचा वर नेला. केलेपी चौतीस वर्षांचा आहे. आता थांबला तर त्याचा आकडा परत येईल. बाबांचा येईल की नाही मला माहीत नाही. दोघांपैकी एक निवडायचं असेल तर ज्याच्याबद्दल खात्री आहे तो निवडावा लागतो. मी हे दोन दिवस लिहायचं टाळलं, पण उत्तर बदललं नाही.

मार्चचं पथक चुकलं तर पुढच्या मार्चला येईल. बाबा तोपर्यंत फळ्यापासून वीतभर अंतरावरूनही वाचू शकणार नाहीत. मंडळी त्यांना सोडावी लागेल. ते मला फोनवर म्हणतील की काही बिघडत नाही. मीही म्हणेन की काही बिघडत नाही.

केलेपी ऐकणार नाही असं दिसलं तर त्याला हे पत्र वाचून दाखवा.

लेसिएली

---

वावाऊ, १४ जानेवारी २०१९

चि. लेसिएलीस अ. उ. आ., आणि या वेळी दोन्ही हातांनी.

बसून वाच. उभ्याने वाचायचं पत्र नाही.

तुझं पत्र मी केलेपीला वाचून दाखवलं. पूर्ण वाचलं. त्याने पत्र खिशात घातलं. मला वाटलं, समजलं असेल. तर प्रार्थनेच्या आठवड्याच्या पहिल्याच मेजवानीला गडी मामाशेजारी हजर! एक कोनफळ खाल्लं, दुसरं खाल्लं, तिसरं हातात धरून नुसता बसला. डोळ्यांतून पाणी. नाक ओढलेलं ऐकून मामाने विचारलं, काय रे, तिखट लागलं का. तेव्हा याचा बांध फुटला. म्हणाला, मामा, मला आता एक घासही जात नाही, पण मी थांबलो तर तुमचे डोळे जातील. आणि खिशातलं पत्र काढून सगळ्या मेजासमोर वाचून दाखवलं, वर दोघांचे आकडेही सांगितले. पाद्रीबाबा होते, गायकमंडळी होती, अनासेइनी होती. मी पलीकडच्या मंडपात बायकांत होते, तिथवर ऐकू आलं. भावाच्या साखरेचा आकडा माझ्या कानांनी ऐकायचा राहिला होता, तोही ऐकला. बायका माझ्याकडे न बघण्यासाठी सगळ्या एकदम आभाळाकडे बघायला लागल्या.

सामिउने म्हणे केलेपीचा आकडा पुन्हा विचारला. स्वतःचा नाही विचारला, केलेपीचा. नऊ पूर्णांक तीन ऐकल्यावर तुझा बाप उठला आणि मेजावर जेवढे हात पोचत होते तेवढे कंद दूर सारले. म्हणाला, माझ्या बहिणीचं पोर माझ्या ताटात खाऊन आजारी पडलं, आता मी कोणाला तोंड दाखवू. अनासेइनीला सांगितलं, आजपासून माझ्या ताटात कंद वाढायचा नाही. जे ताटात नाही ते हा उचलणार कुठून?

इतकी सोपी गोष्ट. चार महिने आपण दोघी काय करत होतो गं?

आणि अनासेइनीनेही ते मानलं, कारण आता कमी वाढणं हाच भाच्याचा मान झाला.

बाकीचे सहा दिवस गंमत झाली. मुख्याने कंदाला हात लावला नाही, मग मंडळीतल्या चाळीस जणांनी कसा लावायचा? सगळे पानं आणि मासळी खाऊन गायले. शेवटच्या दिवशी पुरुषांचे आवाज असे लागले की पाद्रीबाबांनी प्रवचन आवरतं घेतलं. डुकरांनी मात्र प्रार्थनेचा असा आठवडा जन्मात पाहिला नसेल.

फिफिता आज सकाळी येऊन गेली. सामिउ अकरा पूर्णांक दोन. केलेपी सात. तू रागावली आहेस का? पत्र सगळ्यांसमोर वाचलं म्हणून? रागावली असलीस तर तारीख घालून कळव.

तुझी,
आत्या

---

वावाऊ, २५ मार्च २०१९

चि. लेसिएलीस,

अ. उ. आ. हे पत्र मी स्वतः लिहितो आहे. अक्षर मोठं आहे ते सवयीने, आता लहान काढलं तरी मला दिसतं.

चार आठवड्यांचे आकडे तुला सिस्टरने कळवले असतील. ९.६, ९.१, ८.८, ८.४. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उत्तम. मी त्यांना सांगितलं की यात माझं काही नाही, मी भाच्यासाठी केलं. त्यांना ते कळलं नाही. तुला कळेल.

डावा डोळा झाला. उजवा पुढच्या वर्षी. पट्टी काढल्यावर आधी तुझ्या आईला पाहिलं. मग ताट पाहिलं. हे हिरवंगार मी तीन महिने खात होतो होय? दिसत नव्हतं तेच बरं होतं. केलेपीला पाहिलं. आता तो बरा आहे, पण डिसेंबरात माझ्या शेजारी दोघे बसतात असा माझा समज होता, तो का झाला ते कळलं.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. रविवारी उपासनेत तुझ्या आत्याला पाहिलं. दोन वर्षं मला त्या म्हणजे नुसता पांढरा ठिपका दिसत होत्या. त्या फार बारीक झाल्या आहेत, लेसिएली. गालांची हाडं वर आली आहेत. मी बघत राहिलो, जे मी करायला नको होतं. घरी येऊन तुझ्या आईला विचारलं. ती आधी सांगेना. मग म्हणाली, वन्संच्या घरी ऑक्टोबरपासून कंद शिजलेला नाही. भावाला जे खाऊ देत नाही ते आपण कसं खायचं, असं त्यांनी केलेपीला सांगितलं होतं. केलेपी बिचारा तेव्हापासून उपाशीच माझ्याकडे येत होता.

त्यांना साखर नाही. त्यांना काहीसुद्धा झालेलं नाही. त्या सहासष्ट वर्षांच्या आहेत आणि पाच महिने पानं खात आहेत.

या मोसमाचं पहिलं कोनफळ काढलं, काहोकाहो जातीचं, हाताएवढं लांब. थोरल्या बहिणीचा मान म्हणून त्यांच्याकडे पाठवलं. त्यांनी ते पाद्रीबाबांना देऊन टाकलं, आणि निरोप पाठवला की उजवा डोळा अजून बाकी आहे.

मी काय करू? मी त्यांना सांगू शकत नाही. त्या माझ्याहून वर आहेत, शिवाय त्यांच्या प्रकृतीबद्दल मी बोलणं हे चूक. तुझी आई बोलू शकत नाही. केलेपीचं त्या ऐकत नाहीत. या घरात फक्त तू त्यांना पोटाबद्दल लिहितेस आणि त्या ते पाळतात. तेव्हा त्यांना लिही. आकडे घाल. आकडे असले की त्या नाही म्हणत नाहीत.

मंडळी ठीक आहे. तुझा तो तक्ता, तो तक्ता होता हे आता कळलं तरी, आम्ही ईस्टरला पुन्हा गाणार आहोत. साबुकंदाची जागा मी जरा सोपी केली आहे.

तू फोनवर फार थोडं बोलतेस. मीही. पत्रात बरं जमतं असं दिसतं.

तुझ्यावर लोभ आहे हे लिहायची वेळ आजवर आली नव्हती, म्हणून लिहितो.

बाबा

---

ब्रिस्बेन, ७ एप्रिल २०१९

ती. आत्यास,

सा. न. वि. वि. जानेवारीच्या पत्राबद्दल मी रागावलेले नाही. तारीख वर घातली आहे.

खालील आकडे तुमच्यासाठी आहेत, बाबांसाठी नाहीत. कृपया फळ्यावर लिहू नयेत.

कोनफळ, उकडलेलं किंवा उमूत भाजलेलं, दोनशे ग्रॅम, दुपारी. अळकुडी दीडशे ग्रॅम, संध्याकाळी. दोन्ही रोज. रविवारी वजन करू नये. मी पाठवलेला काटा हे दोन्ही तुकडे बरोबर दाखवेल. शेजारच्या बाळाला आता तो पुरणार नाही.

बाबांचा उजवा डोळा तुमच्या ताटावर अवलंबून नाही. हे मी तपासून लिहिते आहे. तुम्ही खाल्लं तर त्यांचा आकडा वाढत नाही आणि उपाशी राहिलात तर उतरत नाही. दोन वेगवेगळी शरीरं आहेत. तुमच्या पत्रांत मासळी, पपई, पानं, डुक्कर, अनासेइनी, केलेपी सगळं होतं, फक्त तुम्ही काय जेवलात ते एकदाही नव्हतं. माझं काम मोजण्याचं आहे आणि मला ते दिसलं नाही. ही तिसरी चूक. पहिल्या दोन मी लगेच मान्य केल्या होत्या. ही लिहायला मला आठवडा लागला.

बाबा तुमच्याशी याबद्दल बोलू शकत नाहीत, तेव्हा त्यांनी मला काही लिहिलं आहे असं समजू नये. पहिलं कोनफळ पाद्रीबाबांकडे गेल्याचं मला कोणी कळवलेलं नाही. दुसरं कोनफळ काढलं जाईल तेव्हा ते घरीच ठेवावं.

तुम्ही हे पाळाल की नाही याची मला खात्री नाही. म्हणून रजा टाकली. बारा जुलैला येते आहे, चार आठवड्यांसाठी. मी तुमच्याच घरी उतरेन आणि दोन्ही वेळा तुमच्या शेजारी जेवायला बसेन. तुमच्या ताटाला हात लावायचा मला, भावाच्या मुलीला, अधिकार नाही. त्यामुळे ते तुम्हालाच संपवावं लागेल.

तुमची,
लेसिएली